करवंट्यांवर शिकवा लहान-मोठं

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला लहान-मोठं कळायला दोन करवंट्या पुरतात. एक चांगल्या पोसलेल्या बाणवली जातीच्या नारळाची, दुसरी तिच्या निम्म्याने असलेली. शेंडी काढा आणि कडा पॉलिश पेपरने घासून बोट फिरवून बघा, कुसळ लागता कामा नये. फरक डोळ्यांत भरणारा हवा, रंग मात्र सारखा. लाल मोठी न् पिवळी लहान दिलीत तर मूल रंगच लक्षात ठेवतं.

पडवीत समोर बसा. आधी फक्त ‘ही मोठी’, हातात देऊन. मग ‘मोठी दे बघू’. दोन-तीनदा बरोबर आलं की जागा अदलाबदल करा, कारण पुष्कळदा मूल ‘उजवीकडची’ एवढंच शिकलेलं असतं. विचारताना तुमची नजर मुलाच्या तोंडावर ठेवा. करवंटीकडे गेली की ते तुमचे डोळे वाचून उत्तर देतं. चुकलं तर ‘नाही’ नको, ‘ही लहान’ म्हणून ठेवून द्या. पाच मिनिटं बस्स, कंटाळायच्या आधीच आवरा.

आकडेही असेच. वीसपर्यंतची पोपटपंची नंतर होईल, आधी ‘दोन करवंट्या दे’ जमू दे.

सुपारी, चिंचोके, बारीक शिंपले यांवर मोजणी तीन वर्षांनंतरच, घशात अडकतात. ओल्या काजूबिया तर अजिबात नकोत: टरफलातल्या तेलकट चिकाने कातडी भाजते.