डीसीटी गाडी पार्क करताना या चुका टाळा: रॅम्प, रिव्हर्स आणि अर्धवट ब्रेक

टर्बो पेट्रोल डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घेतली, हायवेला एकदम स्मूथ चालते, कसारा घाटात ओव्हरटेक करायचं तर नुसता पाय लावायचा अवकाश, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना तीच गाडी झटके देते, रॅम्पवर मागे येते, रिव्हर्सला टाकली की आधी हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. नाशिकात गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, कुठल्याही नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ही तक्रार ऐकायला मिळते आणि बहुतेक जण लगेच म्हणतात गिअरबॉक्समध्ये फॉल्ट आहे. कधी कधी असतोही, पण बऱ्याचदा गाडी ठीक असते, आपण ती साध्या ऑटोमॅटिकसारखी चालवत असतो आणि तिथेच गडबड होते.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइल फिरत असतं, त्यामुळे तिला कितीही हळू चालवा, ती मऊच चालते. डीसीटीत तसं काही नाही. ती मुळात मॅन्युअल गाडीच आहे, फक्त क्लच दोन आहेत आणि ते कॉम्प्युटर दाबतो. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम गिअर, आणि सात गिअरच्या बहुतेक ड्राय डीसीटीत रिव्हर्सही त्या दुसऱ्याच क्लचवर असतो. म्हणजे तुम्ही पार्किंगमध्ये गाडी रांगत नेता तेव्हा आत कोणीतरी हाफ क्लच धरून उभं आहे असं समजा. मॅन्युअल गाडीत पाच मिनिटं हाफ क्लचवर ठेवली तर जळका वास येतो हे आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलपासून माहीत आहे, इथे पाय आपला नाही म्हणून आपण विसरतो.

आता ड्राय आणि वेट हा फरक. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांच्या 1.5 लिटर डीएसजीत (डीसीटीचंच कंपनीने दिलेलं नाव) ड्राय क्लच, वेन्यू, सोनेट, क्रेटा, सेल्टोस यांच्या टर्बो पेट्रोल डीसीटीतही ड्राय क्लच. 2022 मध्ये आलेली टाटाची अल्ट्रोझ डीसीए (टाटाचं डीसीटीचं नाव) आणि नंतरची नेक्सॉन डीसीए मात्र वेट, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेला, म्हणून उष्णता जास्त सहन करतो. ड्राय क्लचला फक्त हवेचा आधार. एप्रिल-मे मध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी मेन रोड, शालिमारच्या गर्दीत अर्धा तास रांगत येऊन लगेच रॅम्पवर मागेपुढे करायला लागलात तर क्लच आधीच तापलेला असतो हे लक्षात ठेवा.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: रॅम्पवर रेस देऊन गाडी धरून ठेवणं

बेसमेंटमधून वर येताय, वरती वॉचमन हात दाखवतोय थांबा, कारण समोरून कोणाची तरी ॲक्टिव्हा येतेय, आणि तुम्ही ब्रेक न दाबता थोडी थोडी रेस देऊन गाडी तिथेच तरंगत ठेवता. मॅन्युअलवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. डीसीटीत हे अजिबात करू नका, कारण क्लच त्या पूर्ण वेळ घासतोय आणि गाडी एक इंचही हलत नाहीये, म्हणजे सगळी ताकद उष्णतेत चाललीय. ब्रेक नीट दाबा. ब्रेक पूर्ण दाबला की कॉम्प्युटर क्लच सोडून देतो, गाडी डी मध्ये असली तरी. रस्ता मोकळा झाला की ब्रेक सोडा आणि ठामपणे, पण हळू, रेस द्या आणि एका दमात वर या. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते, तेवढ्यात पाय रेसवर न्यायचा, विचार करत बसायचं नाही. आणि पुढची गाडी रॅम्पवर अडकली असेल तर तिच्या मागे मागे रॅम्पवर चढूच नका, खाली सपाटीवर थांबा, ती बाहेर पडली की मग निघा. एवढी एक सवय लागली तरी क्लचचं आयुष्य वाढतं असं माझं ठाम मत आहे.

सपाटीवर मात्र घाबरायचं काम नाही. ब्रेक हळूच सोडून गाडी स्वतःहून सरकते तेवढ्यावर पार्क करणं अगदी बरोबर आहे, गाडी त्यासाठीच बनवलीय. फक्त ब्रेक अर्धवट दाबून सेंटीमीटर सेंटीमीटरने पाच-सात मिनिटं सरकवत बसू नका. थोडं जा, पूर्ण थांबा, स्टिअरिंग फिरवा, परत थोडं जा. एक तर चालायचं नाहीतर थांबायचं, मधलं काही नको.

डी मधून आर आणि लगेच रेस

उडी मारण्याची तक्रार नव्वद टक्के इथून येते असं मी म्हणणार नाही, पण बघितलेल्या बऱ्याच केसेस याच होत्या. गाडी अजून पुढे सरकतेय, तेवढ्यात लिव्हर आर ला टाकला. कॉम्प्युटरला पहिला क्लच सोडून दुसरा पकडायचाय, रिव्हर्सचा गिअर बसवायचाय, त्याला साधारण एक सेकंद लागतो. तुम्हाला वाटतं गाडी हलत नाही म्हणून तुम्ही रेस देता, आणि नेमका त्याच क्षणी क्लच पकडतो. मागे भिंत असते किंवा शेजारच्यांचं बंपर. त्यामुळे क्रम असा ठेवा: गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक दाबलेला, आर टाका, गाडीत तो हलकासा ठोका जाणवेपर्यंत थांबा, मग ब्रेक सोडा. गाडी स्वतः सरकायला लागली की मगच रेसचा विचार, आणि सपाटीवर तर रेसची गरजच पडत नाही.

सकाळी गाडी थंड असताना इंजिनचे आरपीएम जास्त असतात, त्यामुळे गाडी रोजच्यापेक्षा जोरात सरकते. स्टार्ट करून काटा खाली येईपर्यंत थांबा आणि मग काढा, विशेषतः स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी असेल तर.

दोन पायांनी चालवणं. उजवा रेसवर, डावा ब्रेकवर, हा सल्ला खूप जण देतात. बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो, ब्रेक सुटला की ती परत येते, आणि मग झटका बसतो. एकच पाय वापरा, टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवलेली आणि पंजा फिरवायचा. जाड रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकली असेल तर ती काढा आधी.

गटारावरचा स्लॅब, उंबरा आणि व्हील स्टॉपर

हे जुन्या नाशकात जास्त जाणवतं. भद्रकाली, रविवार कारंजा, तिकडून रामकुंडाकडे उतरणारे रस्ते, गाव मुळात टेकड्यांवर वसलेलं, त्यामुळे सपाट जागा मिळणं कठीण आणि गेटसमोर सिमेंटचा उंचवटा हमखास. गाडीचं चाक त्या उंचवट्याला टेकून अडतं, सरकण्याची ताकद पुरत नाही, तुम्ही रेस वाढवत जाता, क्लच घासत राहतो, आणि एकदाचं चाक चढलं की गाडी भसकन आत. इथे अपघात होतात, मस्करीची गोष्ट नाही, आत कोणी लहान मूल खेळत असू शकतं. उपाय म्हणजे चाक टेकवून ढकलू नका, फूटभर मागे घ्या, हलक्या वेगात या आणि चाक चढताक्षणी पाय ब्रेकवर. तिरकं जाऊन एकेक चाक चढवलं तर अजून सोपं. आणि मागच्या चाकाला स्टॉपर लागला की तिथेच थांबा, अजून थोडी मागे जाईल म्हणून रेस देऊ नका.

ऑटो होल्ड, म्हणजे गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, पार्किंग करताना बंद ठेवा. तो चालू असला की प्रत्येक थांब्यानंतर गाडी सोडवायला रेस द्यावी लागते, म्हणजे जिथे हळू सरकायचंय नेमकं तिथेच धक्का. इंजिन आपोआप बंद होणारं स्टार्ट-स्टॉप पण बंद करा, आणि स्पोर्ट मोड तर पार्किंगमध्ये लागतच नाही.

दार अर्धं उघडून मान बाहेर काढून रिव्हर्स घेणारे आपल्याकडे खूप. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की क्लच सुटतो किंवा ऑटो होल्ड काम करत नाही, मग चढावर गाडी उलटी घरंगळू शकते. कॅमेरा, आरसे वापरा, नाहीतर कोणाला तरी खाली उतरवा.

उतारावर पार्क करताना थेट पी टाकून ब्रेक सोडू नका, गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतं आणि सकाळी पी मधून काढताना जोरात ठक आवाज येतो. ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) टाका, हँडब्रेक लावा, ब्रेक थोडा सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, परत ब्रेक दाबून पी.

सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. चैत्रात आणि नवरात्रात खासगी गाड्या गडाच्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात, पण एरवी सुट्टीच्या दिवशी घाटात रांग लागते आणि वर पोचेपर्यंत क्लच तापलेला असतो. रांगेत पुढच्या गाडीला चिकटून रांगू नका, दोन-तीन गाड्यांचं अंतर पडू द्या मग एकदम जा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. वाटल्यास मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरला ठेवा म्हणजे एक-दोन, दोन-एक असं चालत नाही. डिस्प्लेवर गिअरबॉक्स तापल्याचा मेसेज आला तर सुरक्षित बाजूला घ्या, पी टाका, मेसेज जे सांगतोय ते करा, ह्युंदाई-किया मध्ये सहसा इंजिन चालू ठेवूनच थांबायला सांगतात. मेसेज गेला की निघा, तोपर्यंत पार्किंगची जागा शोधत फिरू नका.

आता खरा फॉल्ट कसा ओळखायचा. वर सांगितलेलं सगळं पाळूनही गाडी सुटताना थरथरत असेल, तर ती पुढे जाताना थरथरते की फक्त रिव्हर्सला, हे बघा. फक्त रिव्हर्सला आणि दुसऱ्या गिअरला असेल तर सम गिअरच्या क्लचकडे बोट जातं, फक्त पहिल्याला असेल तर विषमच्या. थंड असताना होतं की गरम झाल्यावर, एसी चालू की बंद, हेही लिहून ठेवा. मोबाईल डॅशबोर्डकडे धरून व्हिडिओ काढा, लिव्हरची पोझिशन आणि आरपीएमचा काटा दिसला पाहिजे. सर्व्हिस सेंटरला नुसतं झटके देते म्हणालात तर सगळे डीसीटी असंच करतात म्हणून परत पाठवतात, त्यामुळे स्पष्ट विचारा की क्लच अडॅप्टेशन केलं का, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवलं का, आणि सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का. बऱ्याचदा एवढ्यानेच फरक पडतो. गिअरचा आकडा लुकलुकत असेल किंवा रिव्हर्स अधूनमधून लागतच नसेल तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची कॉपी ठेवा, वॉरंटी संपायच्या आत हे कागद तयार असलेले बरे.

आणि ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी टेस्ट ड्राइव्ह त्र्यंबक रोडच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन खूश होऊ नका. सेल्सवाल्याला सांगा गाडी माझ्या बिल्डिंगमध्ये आणा, चार माणसं बसवा, एसी लावा आणि तुमच्याच रॅम्पवर एकदा रिव्हर्समध्ये चढवून बघा, नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.