सॅडलमध्ये गुडघे का ठणकत होते

झाडावर सॅडलमध्ये (खोडाला दोराने अडकवलेला, कमरेला बांधायचा पट्ट्यांचा झोळीवजा आसनपट्टा) शिकारीला बसलं की दोन तासांत माझे गुडघे ठणकायला लागायचे. आधी वाटलं, वय झालं. मग एकदा उतरल्यावर पाहिलं तर दोन्ही वाट्यांवर सालीची नक्षी उमटलेली! दुखणं आतलं नव्हतंच, मी गुडघ्यांनी खोड रेटत होतो.

जाड नीपॅड घातले, निम्मा त्रास गेला. चढताना मात्र ते घोट्याशी सरकवून ठेवतो, नाहीतर मागची पट्टी लवणीत रुतते.

उरलेलं टेदरने, म्हणजे खोडाभोवती बांधून सॅडलला धरून ठेवणाऱ्या दोराने केलं. तो खोडावर कपाळाच्या उंचीला होता, वीतभर वर घेतला. दोर जितका उभा, तितका अंगाचा भार दोरावर जातो आणि गुडघ्यांचा खोडावरचा दाब घटतो. फार वर नेला तर कमरेत आवळतं. तेव्हा ब्रिज, म्हणजे सॅडलच्या दोन्ही बाजू पुढून जोडून टेदरला अडकणारा छोटा दोर, दोन बोटं लांब केला. (हे फेरफार जमिनीलगत करून बघा, वर अंधारात नको.)

आता सतत बसत नाही. मधेमधे तळवे प्लॅटफॉर्मच्या (खोडाला बसवलेल्या पाय ठेवायच्या छोट्या फळीच्या) कडेला टेकवून मागे रेलतो, पाय जवळपास सरळ, पण गुडघे ताठ न करता. हालचाल सावकाश, नाहीतर सावज आधी मलाच बघतं. परवा चार तास बसलो, उतरताना लंगडलो नाही.