शेवटच्या ओळी गायब होतात तेव्हा: सूडो-टर्मिनलमधील कर्नलचा दोष कसा शोधावा

जुलैतल्या एका मुसळधार दिवशी लोकल बंद पडल्या आणि अंधेरीच्या आमच्या कार्यालयातील जवळजवळ सर्वांनी घरूनच एसएसएचद्वारे (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीद्वारे) एकाच सर्व्हरवर काम सुरू केले. दुपारपर्यंत तिघांची एकच तक्रार आली: सूडो-टर्मिनलची मागणी करून दूरवर चालवलेली आज्ञा पूर्ण होते, पण तिच्या आउटपुटच्या शेवटच्या काही ओळी कधी कधी पोहोचतच नाहीत. त्या सर्व्हरवर लिनक्स कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, ३.१३ ही आवृत्ती होती. असा दोष कसा शोधावा, हे क्रमाने सांगतो.

सूडो-टर्मिनल ही कर्नलने सांभाळलेली दोन टोकांची जोडी असते. मास्टर टोक एसएसएच सर्व्हरच्या हाती असते, स्लेव्ह टोक शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या), आणि मध्ये मजकुरावर प्रक्रिया करणारा लाइन डिसिप्लिन नावाचा थर असतो. स्लेव्हमध्ये लिहिलेला मजकूर थेट मास्टरकडे जात नाही. तो आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडतो आणि कर्नलचा वर्कक्यू, म्हणजे मागे ठेवलेल्या कामांची रांग, तो सवडीने पुढे सरकवतो. यंत्रावर ताण असला की ही सवड लांबते.

कर्नलवर ठपका ठेवण्याआधी नेहमीचे गैरसमज दूर करावेत. स्लेव्ह टोक धरणारी शेवटची प्रक्रिया संपल्यावर लिनक्समध्ये मास्टर वाचणाऱ्याला ‘ईआयओ’ ही त्रुटी मिळते. तो दोष नसून मजकूर संपल्याची खूण आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न जोडला जात असल्यामुळे बाइटांची संख्या वाढते. टर्मिनल नेहमीच्या ओळवार पद्धतीत असेल, तर ४०९५ अक्षरांपलीकडची इनपुट ओळ कापली जाते.

यानंतर दोष हमखास दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. अपत्य प्रक्रियेने क्रमांकित ५००० ओळी लिहून संपावे. पालक प्रक्रियेने मास्टर नॉन-ब्लॉकिंग पद्धतीने, म्हणजे मजकूर नसल्यास वाट न पाहता, वाचावा, आणि अपत्य संपल्याचा सिग्नल आल्यानंतर ‘ईअगेन’ (सध्या वाचायला काही नाही, असे सांगणारी त्रुटी) मिळेपर्यंत वाचून ओळी मोजाव्यात. हाच प्रयोग साध्या पाइपवरही (दोन प्रक्रियांना जोडणाऱ्या, टर्मिनल नसलेल्या मार्गावरही) करावा: पाइपवरही ओळी हरवत असतील तर चूक आपल्याच प्रोग्रामची आहे. कोअरच्या दुप्पट प्रक्रिया नुसत्या फिरत ठेवून यंत्रावर ताण आणावा, आणि किती फेऱ्यांमागे एकदा ओळी हरवतात ते लिहून ठेवावे.

आता क्रम पाहावा. प्रक्रियेच्या सिस्टिम कॉलची नोंद करणारे ‘एसट्रेस’ हे साधन लावल्यावर प्रक्रिया इतक्या मंदावतात की शर्यतीचा दोष, म्हणजे दोन कामांपैकी कोणते आधी होते यावर अवलंबून असणारा दोष, अनेकदा दिसेनासा होतो; म्हणून कर्नलच्या आतला माग काढणारे एफट्रेस वापरून ‘पीटीवाय_राइट’, ‘फ्लश_टू_एलडिस्क’ आणि ‘एन_टीटीवाय_रीड’ (अनुक्रमे लिहिणे, बफर पुढे सरकवणे आणि वाचणे) या तीनच फंक्शनांचा माग घ्यावा. मजकूर लिहिला गेला, वाचणारा रिकाम्या हाताने परतला आणि बफर त्यानंतर पुढे सरकला, असा क्रम दिसला की दोष सापडलाच म्हणून समजावे. आमच्याकडे नेमके हेच दिसले. ‘ईअगेन’ म्हणजे सर्व मजकूर येऊन गेला, असे ओपनएसएसएच (आमच्या सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) धरून चालत होते, आणि ३.१२ च्या आधीच्या कर्नलवर ते खरेही होते.

दोष आणणारा बदल नेमका कधी शिरला हे गिट बायसेक्टने, म्हणजे बदलांची यादी दर वेळी निम्मी करत शोधणाऱ्या आज्ञेने, काढता येते. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजार बदल असले तरी चौदा टप्पे पुरतात, परंतु ‘हा कर्नल चांगला’ असे घाईने ठरवू नये. दोनशे फेऱ्यांत सरासरी एकदा दिसणारा दोष सलग दोनशे फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. हजार फेऱ्यांनंतर ती एक टक्क्याखाली येते. एकदा चुकीचा कौल दिला की पुढचे सगळे टप्पे वाया जातात, म्हणून हजार फेऱ्यांचा कंटाळा करू नये.

तक्रार पाठवण्यापूर्वी ताज्या कर्नलवर तोच प्रोग्राम चालवून पाहावा. हा दोष २०१६ मध्ये दुरुस्त झाला: मजकूर नाही असे सांगण्याआधी वाचणारी बाजू आता उरलेले काम पूर्ण करून घेते. आम्ही कर्नल बदलला, ताण ठेवून तोच प्रोग्राम रात्रभर चालवला, आणि सकाळी प्रत्येक फेरीत ओळींची संख्या ५००० भरली.