चंद्रावरचं घर काढायचंय? आधी बादल्या मोजा

दहिवडीत मी घरांचे प्लॅन काढून देतो. गिऱ्हाईक येतं ते जागेची मापं आणि वास्तूच्या दिशा घेऊन. गेल्या पावसाळ्यात नववीतली भाची थर्माकोलचं खोकं घेऊन आली. शाळेच्या स्पर्धेत चंद्रावरचं घर मांडायचं होतं. "मामा, एवढा प्लॅन काढून दे." म्हटलं, पट्टी-पेन्सिल ठेव, आधी वही काढ. घर चंद्रावर असो नाहीतर आमच्या माण तालुक्यात, मी याच क्रमानं जातो.

पहिलं पान जमाखर्चाचं. एका माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा सोडलेला वायू जाणार कुठं, हे ठरल्याशिवाय खोल्या काढू नका. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-2 मध्ये 1991 साली आठ जण दोन वर्षांसाठी काचेच्या बंद घरात राहायला गेले. झाडं भरपूर, तरी ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला आणि बाहेरून भरावा लागला. खतावलेल्या मातीतले जंतू ऑक्सिजन खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आत काँक्रीट शोषून घेत होतं. काँक्रीट माझ्या धंद्यातलं, त्यामुळं ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

मग छत. इथं घराच्या स्लॅबला मी माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला दोनशे किलो धरतो. चंद्रावर सगळं उलटं. आत आपल्यासारखी हवा भरली की ती छताला चौरस मीटरमागं दहा टनांनी वर रेटते. किरणोत्सारापासून वाचायला वर तीन मीटर माती टाकली, तरी तिथं वजन एक-षष्ठांश. टनभरही भरत नाही. छत पडायची नाही, उडायची भीती! म्हणून कोपरे नकोत, गॅसच्या सिलिंडरसारखा गोल आकार हवा. भाचीचं खोकं तिथंच बाद झालं.

माती पांघरायची युक्ती मात्र आपल्याला नवी नाही. आमच्याकडची धाब्याची घरं बघा: दोन-अडीच फुटी भिंती, वर पांढरी माती, मे महिन्यातही आत गारवा. असं घर हाताशी असेल तर पाडू नका. त्याला सिमेंटचा गिलावाही करू नका. मी एकदा करायला लावला होता. आत ओल कोंडली आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले.

आता पाणी. अंतराळ स्थानकात लघवी, घाम, श्वासातली वाफ गोळा करून 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं नासानं 2023 मध्ये सांगितलं. आपल्याला एवढं करायचं नाही. आठ दिवस न्हाणीच्या आणि मोरीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारा, बादलीला एक. प्यायचं-रांधायचं, अंघोळीचं, धुण्याचं वेगवेगळं. भाचीनं मारल्या तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त रेघा धुण्याच्या, आणि ते पाणी सरळ रस्त्यावर.

छतावरच्या पावसाच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे: चौरस मीटर गुणिले मिलिमीटर म्हणजे लिटर. 600 चौरस फूट म्हणजे 56 चौरस मीटर. पाऊस 450 मिलिमीटर धरला तर 25,200 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी वीस हजार उरतं. चौघांना प्यायला-रांधायला दिवसाला 40 लिटर लागलं, तर वर्ष निघून वर उरतं. दहा बाय दहा, सात फूट खोल टाकी पुरते. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्या. छतावर कबुतरांचा संसार असतो. पिण्याआधी गाळून उकळा.

धुण्या-अंघोळीचं पाणी केळी-कर्दळीच्या खड्ड्यात सोडा. भांड्यांचं त्यात मिसळू नका. तेलकटानं खड्डा तुंबतो आणि असा वास सुटतो की पाहुणे चहाला थांबत नाहीत.

टाकीचं तोंड दोन फुटांपेक्षा कमी नको. आमच्या टाकीचं मी दीड फूट ठेवलं, आता साफ करायला दरवर्षी बारीक माणूस हुडकावा लागतो. यंदा झाकण दिवसभर उघडं ठेवून, वर दोघं उभे राहून भाचीलाच उतरवलं. वर आली, अंग पुसलं आणि मॉडेलचं दार कापून मोठं केलं.