लासलगावचा भाव, एलएसटीएम आणि विसरलेला शिफ्ट

मशीन लर्निंगमधल्या पहिल्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू द्यायला लागलात की हा प्रश्न हमखास येतो: फीचर इंजिनीअरिंग की फीचर लर्निंग? म्हणजे अंदाज बांधायला मॉडेलला जी माहिती लागते (फीचर), ती आपण विचार करून हाताने बनवायची की मॉडेलला स्वतः शिकू द्यायची? बहुतेक फ्रेशर एका दमात सांगून टाकतात की डीप लर्निंग फीचर स्वतःच शिकतं, आता हाताने काही करावं लागत नाही. समोरचा मान डोलावतो आणि शांतपणे विचारतो, "बरं, तुमच्या प्रोजेक्टमध्ये डेटाच्या ओळी किती होत्या?" तिथे गाडी अडते. मीही हेच उत्तर देत फिरले आहे, तेव्हा पुढचं जरा तिखट वाटलं तर समजून घ्या.

हे उत्तर आलं चित्रांच्या जगातून. चित्रात काय आहे ते ओळखायच्या २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट या नेटवर्कची टॉप-५ चूक (पहिल्या पाच अंदाजांतही बरोबर उत्तर नसणं) १५.३ टक्के होती आणि दुसऱ्या नंबरवाल्याची २६.२. त्याआधी लोक सिफ्ट, हॉग अशी फीचर्स हाताने रचत होते. हॉगचा पेपर २००५ चा, नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्स यांचा. सात वर्षांत तो सगळा खटाटोप मागे पडला. फक्त अ‍ॅलेक्सनेटला शिकायला सुमारे बारा लाख चित्रं होती, हे सांगायचं सगळ्यांचं राहून जातं.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं खरं काम कांद्याचं होतं. लासलगावचा त्या दिवशीचा सर्वसाधारण भाव सकाळी, लिलावाच्या आधी सांगायचा. डेटा अ‍ॅगमार्कनेटचा, म्हणजे बाजार समित्यांचे भाव देणाऱ्या सरकारी पोर्टलचा: तारीख, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, रुपये प्रति क्विंटल. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी धरल्या तरी ओळी तीन हजारांच्या आतबाहेरच. तरी एलएसटीएम (क्रमाने येणाऱ्या आकड्यांवर शिकणारं न्यूरल नेटवर्क) लावायचा मोह होतोच, कारण रेझ्युमेवर ते भारी दिसतं.

आता नेटवर्कला काय शिकता येणार नाही ते पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती. अमावस्या येते साधारण साडेएकोणतीस दिवसांनी, इंग्रजी महिन्याशी तिचं काही जुळत नाही. नुसती तारीख आणि महिना दिलात तर नेटवर्कला हा बंद म्हणजे निव्वळ गोंगाट. पंचांग उघडून शून्य-एकचा एक कॉलम करा, 'शेवटच्या लिलावाला किती दिवस झाले' असा दुसरा करा, एवढ्यात भागतं. बंदनंतरच्या दिवशी ट्रॅक्टरची रांग लागते हे लासलगावातलं शेंबडं पोरही सांगेल.

हंगामाचंही तेच. महिन्याचा आकडा देण्यापेक्षा बाजारात कोणता कांदा आहे ते द्या: लाल, रांगडा की उन्हाळ. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल टिकत नाही. शेतकरी भाव पाहून थांबणार की मिळेल त्या भावात देणार, हे त्यावर ठरतं. शिवाय सरकारी निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि नाशिकमध्ये लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली, ती उठली मे २०२४ मध्ये. असे धक्के दहा वर्षांत बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यावरून नेटवर्क स्वतः काही शिकेल ही आशा सोडा.

आता शीर्षकातल्या विसरलेल्या शिफ्टचा सापळा. यावर मी लांबण लावणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

मागच्या तीन दिवसांच्या भावाची सरासरी हे फीचर सगळेच बनवतात. पांडाज या पायथनच्या लायब्ररीत रोलिंग (सरकती खिडकी) लावलं, मीन म्हणजे सरासरी घेतली, झालं. पण रोलिंगची खिडकी चालू ओळीवर संपते. म्हणजे आजचा भाव त्या सरासरीत धरलेला असतो, आणि टार्गेट, म्हणजे ज्याचा अंदाज करायचा तो आकडा, तोही आजचाच भाव. समजा पाच दिवसांचे भाव १२००, १२५०, १३००, १२८० आणि १९०० आहेत. पाचव्या दिवसासमोर सरासरी येते १४९३. पण त्या सकाळी तुमच्या हातात पहिले चारच भाव आहेत, त्यामुळे तिथे हवी होती १२७७. १४९३ हा आकडा ओरडून सांगतोय की आज भाव उसळणार. त्यात कालचा आणि परवाचा भावही फीचर म्हणून दिलेला असतो. मग साधं लिनियर रिग्रेशनसुद्धा सरासरीला तीनने गुणतं, त्यातून १२८० आणि १३०० वजा करतं आणि १९०० अलगद काढून देतं. भाकीत कसलं, तिसरीतली वजाबाकी आहे ती. स्कोअर मात्र असा येतो की माणूस घरी फोन करून सांगतो.

उपाय एका शब्दाचा: रोलिंगच्या आधी एकाचा शिफ्ट, म्हणजे भावाचा कॉलम एक ओळ खाली सरकवायचा. तो विसरला की संपलं. याची भावंडंही आहेत. आजचा किमान आणि कमाल भाव फीचरमध्ये राहून जातो. बंदच्या दिवसांच्या रिकाम्या जागा इंटरपोलेशनने भरल्या जातात, म्हणजे नंतरच्या दिवसाच्या भावावरून आधीच्या दिवसाचा. वर ते दिवस बंद का होते ही माहितीही पुसली जाते. आणि डेटा शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या भागांत तोडणारं ट्रेन-टेस्ट स्प्लिट डीफॉल्टला पत्ते पिसल्यासारख्या ओळी पिसतं, मग मॉडेलला मंगळवार आणि गुरुवार दाखवून बुधवार विचारला जातो. कालक्रमाने तोडा. सायकिट-लर्न या लायब्ररीत टाइमसीरीजस्प्लिट त्यासाठीच आहे.

आमच्याकडे हे कुठल्या मेट्रिकने पकडलं नाही. खरेदी खात्यातले एक जुने गृहस्थ कॉलमची यादी वाचत होते. मध्येच थांबून म्हणाले, "मॅडम, ही आजची आवक तुम्हाला सकाळी आठला कोण सांगतं?" त्या प्रश्नाने आधी आवक गेली, मग सरासरी गेली, आणि स्कोअर जमिनीवर आला. 'कालचा भाव तोच आजचा' असं म्हणणाऱ्या बिनडोक अंदाजापेक्षा आमचं मॉडेल जेमतेम बरं निघालं. कांद्यात तेवढंही सोपं नाही, हे मला नंतर कळलं.

यावर कुणी म्हणेल, म्हणूनच हाताने फीचर नकोत. उलट आहे. त्यांनी ते पकडलं कारण कॉलमला नाव होतं. तीस-तीस दिवसांच्या खिडक्या कापून, त्या पिसून एलएसटीएमला दिल्या असत्या तर गळती (उत्तराची माहिती आधीच मॉडेलच्या हाती लागणं) तेवढीच झाली असती आणि वाचायला यादी नसती. २०१८ मध्ये छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या नेटवर्कवर एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा हे नेटवर्क अचूक ओळखत होतं, फिल्मवरच्या धातूच्या खुणेकडेही त्याचं लक्ष होतं, आणि एका हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण मुळातच जास्त होतं. फुकटचा धागा दिसला की नेटवर्क तो धरणारच.

मेंटर लोकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'ऑटोएमएल (मॉडेल आपोआप बनवणारं साधन) लाव, हजार फीचर बनव, मॉडेल आपोआप निवडेल' असं सांगणारे सर मला भेटले आहेत. तीन हजार ओळी आणि हजार कॉलम असले की त्यातले काही निव्वळ योगायोगाने जुळतात, आणि तेच पहिल्या नंबरावर येतात. ज्याने तुमच्या डेटाचा धंदा कधी पाहिलेला नाही त्याला मेंटर म्हणू नका. त्यापेक्षा एखाद्या अडत्याला फोन करा. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असायलाच हवं असं मुळीच नाही. माझी निम्मी फीचर्स लोकांना भाबडे प्रश्न विचारून मिळाली आहेत आणि कुणी हसलं नाही.

मग शिकू कधी द्यायचं? याच कांद्याच्या फोटोवरून प्रत ठरवायची असेल तर रंगाचे हिस्टोग्राम मांडत बसू नका, लाखो चित्रांवर आधीच शिकलेलं (प्री-ट्रेन्ड) नेटवर्क घ्या. आवाज आणि मजकूर यांचंही तसंच, जरी बोलणं ऐकून लिहिणारं व्हिस्परसारखं मॉडेलसुद्धा कच्चा ध्वनी न घेता लॉग-मेल स्पेक्ट्रोग्राम (कानाला जाणवणाऱ्या मेल पट्टीवर मांडलेलं ध्वनीचं चित्र) घेतं, आणि ती मेल पट्टी १९३७ मध्ये माणसांच्या कानांवर प्रयोग करून बनलेली आहे. टेबलांच्या बाबतीत २०२२ मध्ये ४५ डेटासेटवर झालेली तुलना सांगते की दहा हजार ओळींच्या आसपास एक्सजीबूस्टसारखी झाडांची (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांची) मॉडेल्सच पुढे राहतात. अपवाद आहेत. डेटा स्पर्धांच्या कॅगल या साइटवर २०१५ मध्ये झालेल्या रॉसमन दुकानांच्या विक्रीच्या स्पर्धेत एम्बेडिंग (दुकान, वार अशा नावांसाठी आकड्यांची यादी) शिकणाऱ्या नेटवर्कने साध्याच फीचर्सवर तिसरा नंबर काढला होता. पण तिथे दहा लाखांवर ओळी होत्या.

सध्या तुमचा प्रोजेक्ट अर्धवट असेल तर एक कागद घ्या आणि प्रत्येक कॉलमसमोर तो आकडा किती वाजता हातात येतो ते लिहा. ज्याच्यासमोर वेळ लिहिता येत नाही तो कॉलम काढून मॉडेल परत चालवा. स्कोअर पडेल, बहुतेकांचा पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंटरव्ह्यूत पडलेलाच स्कोअर सांगा, का पडला तेही सांगा, आणि तो कागद सोबत न्या.