पावसाळ्यात एटीआर लावताना

सीटॅब हा साबणासारखा, लांब शेपटीचा रेणू सिलिकावर कसा बसतो, ते एटीआरने, म्हणजे स्फटिकातून इन्फ्रारेड किरण पाठवून, पाहायचं. जुलैत पुण्यात पाषाणला पाऊस लागला की स्पेक्ट्रमवर (कुठला किरण किती शोषला गेला त्या आलेखावर) १४०० ते १८०० cm⁻¹ दरम्यान पाण्याच्या वाफेची करवत उमटते, आणि सीटॅबचा १४७० चा पट्टा नेमका तिथेच असतो. म्हणून आधी यंत्रात अर्धा तास कोरडा नायट्रोजन सोडा, मग बॅकग्राउंड (नमुन्याविना मोजणी) घ्या.

हिऱ्याचा स्फटिक आयसोप्रोपेनॉलने पुसा. हातमोजे घाला, आळस नको. एकदा २९२० आणि २८५० ला, सीटॅबच्या साखळीच्या जागी, दोन देखणी शिखरं दिसली. "थर बसला!" म्हणून मी अख्खी लॅब गोळा केली; निघालं सकाळच्या वड्याचं तेल, माझ्याच बोटांचं.

आता स्फटिकावर सिलिकाची पातळ फिल्म चढवा. ती खरंच पातळ हवी, कारण किरण स्फटिकाबाहेर जेमतेम एक-दोन मायक्रॉन डोकावतो. वरून सीटॅबचं द्रावण सोडा, दर मिनिटाला स्पेक्ट्रम घ्या. शिखरांची उंची वाढायची थांबेपर्यंत चहाला जाऊ नका.

उंचीपेक्षा जागा जास्त बोलते. सीटॅबच्या कार्बन-साखळ्या ताठ, शिस्तीत उभ्या असतील तर शिखर २९१८ पाशी. विस्कटलेल्या असतील तर २९२४ कडे सरकतं. फरक सहाचाच, पण सगळी गंमत त्यात.

शेवटी नुसत्या पाण्याने धुऊन पुन्हा मोजा. उतरलेली उंची द्रावणाची आणि सैल बसलेल्यांची, उरलेली घट्ट चिकटलेल्यांची.