रोजची हालचाल आणि मधुमेहाचा धोका: कोल्हापुरात प्रोजेक्ट करताना

सकाळी रंकाळा तलावावर सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन उभं राहिलात तर माणसं भराभर मिळतील, पण ती सगळी मुळातच चालायला आलेली. त्यांच्यावरून शहराचा अंदाज बांधता येत नाही. एक वॉर्ड किंवा करवीर तालुक्यातलं एक गाव ठरवा, घरांची यादी करा आणि ठरावीक अंतराने घर निवडा. घराला कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. शेजारचं घर घेऊ नका, कारण दिवसा घरी सापडणारी माणसं बहुधा बसून असणारीच असतात. कमी हालचाल करणाऱ्यांचं प्रमाण 50 टक्के धरून अंदाजात 10 टक्के चूक चालणार असेल तर 100 माणसं लागतात, 5 टक्केच चालणार असेल तर 400. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र आधी हातात हवं.

हालचाल मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची 16 प्रश्नांची 'जीपॅक' (GPAQ) प्रश्नावली वापरा. खरी गडबड इथेच होते. "व्यायाम करता का?" असं विचारलं की पहाटे धार काढून, वैरणीचा भारा आणून, दिवसभर भांगलणीला जाणारी बाईसुद्धा "कुठला व्यायाम!" म्हणते आणि तुमच्या तक्त्यात ती निष्क्रिय ठरते. म्हणून एकेक काम घेऊन विचारा: किती दिवस, किती वेळ, बोलताना धाप लागते का? सलग 10 मिनिटांहून कमी वेळ धरू नका. मध्यम कामाच्या मिनिटांना 4 ने, जोरदार कामाच्या मिनिटांना 8 ने गुणा. भांगलण रोज 3 तास, आठवड्यात 5 दिवस, म्हणजे 900 मिनिटं, गुणिले 4 बरोबर 3600. आठवड्याचा हा आकडा किमान 600 हवा. मोबाइलमधल्या पावलांवर विसंबू नका; बायकांचा फोन बऱ्याचदा घरात फळीवरच असतो.

कंबर मोजताना टेप साडीच्या निऱ्यांवरून नको. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषांत 90 सेंमी आणि बायकांत 80 सेंमीपासून पुढे धोका धरतात. बायकांचं माप मुलींनीच घ्यावं. रक्तदाब 5 मिनिटं बसवून, दोनदा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

मधुमेहाच्या धोक्यासाठी बरेच जण भारतीय मधुमेह जोखीम गुणांक घेतात. वय, कंबर, हालचाल, आई-वडिलांचा मधुमेह, एकूण 100 गुण. 60 किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे जास्त धोका. पण यात हालचालीचेच 30 गुण आहेत. तोच गुणांक हालचालीशी ताडून पाहिलात तर संबंध निघणारच, आणि त्याला काही अर्थ नाही. त्यामुळे हालचाल कंबर, रक्तदाब किंवा साखरेशी ताडा.

मधुमेह आधीच असलेल्यांचं विश्लेषण वेगळं करा. डॉक्टरांनी सांगितल्यावर चालायला लागलेली माणसं मिसळली तर चालणाऱ्यांनाच मधुमेह जास्त असं उलटं चित्र दिसतं. फॉर्मवर महिना लिहा, ऊसतोडीच्या हंगामातली हालचाल पावसाळ्यात नसते.

दाब 140/90 किंवा जास्त निघाला तर त्याच दिवशी सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. अहवाल होईपर्यंत थांबू नका.